प्लायवुडच्या मागचा उजेड

"ज्या घरात वीजच नाही, तिथे भरदुपारी उजेड कसा?" ओवीने विचारलं, तशी वासिफने बॅट खाली टाकली.

आखातातल्या खलिफा सिटीत, त्यांच्या कंपाउंडला लागूनच ते अर्धवट बांधलेलं घर होतं. मंदी आली आणि कॉन्ट्रॅक्टर कामगारांना वाऱ्यावर सोडून पसार झाला. वीज तोडली गेली, खिडक्यांना प्लायवुड ठोकलं गेलं. दोन हजार नऊ सालची ती सुट्टी म्हणजे नुसता उदासवाणा कारभार होता. कितीतरी मुलांच्या बाबांच्या नोकऱ्या गेल्या आणि ती मुंबईला, पुण्याला, कोचीला परतली. क्रिकेटला उरले तिघंच: ओवी, तिच्या शेजारचा वासिफ आणि वरच्या मजल्यावरची कोरियन मिंजू.

तिघांनी खिडकीच्या फटीला डोळे लावले. थिनरच्या वासाने नाक झिणझिणलं. आत थिनरची आणि रंगाची पिंपं छतापर्यंत रचलेली होती. त्यांच्यामध्ये गादी टाकून वॉचमन याकूब गाढ झोपला होता आणि त्याच्या उशाशी, एका पिंपाच्या झाकणावर, मेणबत्ती जळत होती.

मिंजू पांढरीफटक पडली. वासिफने दार बडवून याकूबला उठवलं, मेणबत्ती विझवायला लावली; पण त्या अंधाऱ्या खोलीत तो पुन्हा ती लावणार, हे उघड होतं.

भिंतीशी बसून मिंजूने तिच्या गावाची गोष्ट सांगितली. तिचं गाव इक्सान. तिथल्या स्टेशनात चहूकडचे रूळ एकत्र येतात आणि गावाबाहेर हजार वर्षांहून जुनं देऊळ आहे. तिचे आजोबा त्याच स्टेशनात कामाला होते. एका रात्री डायनामाइटने भरलेली मालगाडी तिथे खोळंबली. राखणदाराने डब्यात मेणबत्ती लावली आणि त्याला झोप लागली. स्टेशन उडालं, आजूबाजूची घरं कोसळली, कितीतरी माणसं गेली. आजोबा वाचले, पण पुढे त्यांना एका कानाने कधीच ऐकू आलं नाही.

वासिफने मागे वळून पाहिलं. त्या खोलीच्या भिंतीपलीकडेच त्याचं स्वयंपाकघर होतं. त्याची आई हव्वाबी तिथे धाकट्याला भरवत बसली होती.

दोन्ही इमारतींचा कारभार राजन अंकल पाहायचे. मुलं त्यांच्याकडे धावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. सिव्हिल डिफेन्सवाले, म्हणजे इथले अग्निशमनवाले, आले तर सगळंच सील करतील, मग एवढी कुटुंबं जाणार कुठे, असं त्यांचं म्हणणं. "खलास. हा विषय पुन्हा काढायचा नाही," ते म्हणाले.

घरी बाबांनी तर ओवीचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. ऑफिसात रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. अशा दिवसांत कुणाच्या नजरेत येऊ नये, एवढंच ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की ओवीला रागही धड आला नाही.

युक्ती वासिफला सुचली. "राजन अंकलना तक्रार नको असते, पण गिऱ्हाईक हवं असतं. आपण त्यांना गिऱ्हाईकच देऊ."

दुसऱ्या दिवशी मिंजूने राजन अंकलना निरागसपणे सांगितलं, की संध्याकाळी तिचे बाबा साहेबलोकांना घेऊन येणार आहेत आणि शेजारचं घर पाहणार आहेत. यातलं येणं खरं होतं. या वाळवंटातून रेल्वे काढायची होती, तिच्या आखणीसाठी मिंजूचे बाबा, बेक अंकल, इथे आले होते आणि त्यांचे सहकारी चहाला यायचे होते. घर पाहणं तेवढं मिंजूच्या पदरचं.

मंदीत गिऱ्हाईक! राजन अंकलनी तडक पिकअप मागवला. घर रिकामं दिसावं म्हणून सगळी पिंपं औद्योगिक भागातल्या गोदामात हलवायचं ठरलं. मुलं दारातून पाहत होती. घाईत एक पिंप कलंडलं, झाकण निघालं आणि थिनर फरशीवर पसरला.

"काही दिसत नाही," राजन अंकल आतून ओरडले, "याकूब, बत्ती लाव."

याकूबने सवयीने खिशातून लायटर काढला. ओवीने विचार केलाच नाही. ती धावत आत शिरली आणि त्याच्या हाताला लोंबकळली. लायटर निसटला. वासिफने तो झेलून अंगणातल्या वाळूत लांब भिरकावला. ओवी घसरून पडली, तिचा फ्रॉक थिनरने भिजला. तो वास घेत राजन अंकल खाली पाहत राहिले. त्यांचे स्वतःचे बूटही त्याच डबक्यात होते.

ते बाहेर येऊन पायरीवर बसले. बूट काढत त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक येतंय ना?"

"नाही, अंकल," वासिफ म्हणाला. "सॉरी."

त्यांनी मान हलवली आणि स्वतःच सिव्हिल डिफेन्सला फोन लावला. खोली रिकामी झाली. इमारतीला कुणी सील लावलं नाही. याकूबला कंपाउंडच्या गेटजवळ दिवा-पंखा असलेली खोली मिळाली. हव्वाबीने तिघांना जवळ घेतलं. ओवीच्या बाबांनी सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जे मी करायला हवं होतं, ते हिने केलं," ते म्हणाले.

बेक अंकल मात्र ओवीसमोर कोरियन रीतीने कमरेत वाकले. म्हणाले, "त्या रात्री आमच्या स्टेशनात असं धावणारं कुणी नव्हतं."

रेल्वेचं काम लांबणीवर पडलं आणि जूनमध्ये त्यांनाही परतावं लागलं. टॅक्सीत सामान चढत होतं तेव्हा मिंजू सांगत होती, की गावाबाहेरच्या देवळाचा दगडी मनोरा पडायला आला होता. लोकांनी तो एकेक दगड करून उतरवलाय आणि आता पुन्हा रचणार आहेत.

"कधी पूर्ण होईल?" ओवीने विचारलं.

"आपण मोठ्या झाल्यावर," मिंजू म्हणाली. "तेव्हा ये."

टॅक्सी वळली. वासिफने बॅट उचलली, पण चेंडू टाकायला ओवी लगेच उठली नाही.