उरलेले तीन फोटो

दर सोमवारी फोटोच्या दुकानात पाच-सहा तरी डिस्पोजेबल कॅमेरे धुवायला यायचे. खिशात भारीतले मोबाईल असलेली माणसं हौसेने ती प्लॅस्टिकची खेळणी विकत घ्यायची, सत्तावीस फोटो काढायची आणि कसे आले असतील म्हणून आठवडाभर झुरायची. लॅबमध्ये वीस वर्षं रोल धुण्यात घालवलेल्या त्याला हे निव्वळ खूळ वाटायचं. बायकोचं मात्र उलट. “काढला की लगेच दिसला, तर फोटो कसला तो?” असं म्हणत ती दर सहलीला एक कॅमेरा घ्यायचीच.

तिचा शेवटचा कॅमेरा आठ महिने फ्रीजवर पडून होता. तळ्याकाठच्या सहलीहून परतल्यावर पंधराच दिवसांत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत आकडा होता तीन, म्हणजे तीन फोटो उरलेले. ‘रोल संपवून आणा हो’ असं गिऱ्हाइकांना बजावणारा तो, स्वतः मात्र ते तीन फोटो काढायला धजत नव्हता. आत तिचा शेवटचा फोटो असणार. तो एकदा बघितला, की तिचं नवीन असं बघायला काहीच उरणार नव्हतं.

एका सोमवारी आकडा दोन दिसला.

“चिंगे, कॅमेऱ्याला हात लावलास?”

“मी नाही बाबा,” सात वर्षांची लेक म्हणाली. स्टुलावर चढूनही तिचा हात तिथे पोचत नाही, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

बुधवारी एक. शुक्रवारी सकाळी शून्य.

आता मात्र त्याला राहवेना. दुकानात जाऊन त्याने कॅमेरा फोडला, रोल धुतला. मशिनमधून गरम प्रिंट एकेक करून बाहेर पडल्या. तळं, होडी, पाण्यात पाय सोडून बसलेला तो, पुढचे दात पडलेली चिंगी. बायको कुठेच नव्हती. कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा ना.

शेवटच्या तीन फोटोंत त्यांच्या स्वयंपाकघरातली खुर्ची होती. रिकामी. प्रत्येक फोटोत आधीपेक्षा जरा जवळून काढलेली. त्याला रडू फुटलं. आठ महिने जिवापाड जपलं, ते एवढ्यासाठी.

काउंटरवरच्या बाई प्रिंट पाकिटात भरत होत्या. “दादा, वहिनी किती छान आल्यात हो.”

“कुठे?”

त्यांनी रिकाम्या खुर्चीचा फोटो पुढे धरला. “ह्या काय. आणि ह्यात तर अगदी जवळून.”

बाई थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याने फोटो दारातल्या उजेडात नेला. खुर्ची, तिच्या पाठीवर पडलेलं ऊन, बस.

तो तसाच घरी आला आणि कपाटातून लग्नाचा अल्बम काढला. पहिल्या पानावर तो एकटाच उभा होता, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

दुसऱ्या पानावरही तसंच.

त्याने डोळे मिटून तिचा चेहरा आठवून पाहिला. खुर्ची आठवली.

चिंगी येऊन त्याला टेकून बसली. तिने सावकाश चार पानं उलटली, पुन्हा मागे आली.

“बाबा, आधी आई समोर बघायची ना?” ती म्हणाली. “आता सगळ्या फोटोंत तुझ्याकडे बघतेय.”