त्र्याहत्तर, चालू!

योशिनो नदीच्या काठी नोव्हेंबरात वारा असा सुटतो, की तोंडातून निघालेलं वाक्य पलीकडच्या मुळ्याच्या शेतात जाऊन पडावं. त्या वाऱ्यात फुमिनो बांधावरून खाली उतरली. एका कुशीत वडिलांचं पिवळं विमान, दुसऱ्या हातात ते जमिनीवरून चालवायचा त्यांचा रेडिओ. वडील वसंतात गेले. मरेपर्यंत खपून बांधलेलं ते विमान एकदाही न उडवता गेले. फुमिनोलाही ते उडवायचं नव्हतं, तिला येतच नव्हतं. फक्त बाबांची विमानवेडी माणसं दर रविवारी जिथे जमतात तिथे एकदा ते सुरू करावं, त्याची शेपटी हललेली बघावी, एवढीच तिची इच्छा होती.

तिने गवतात गुडघे टेकले, रेडिओची एरियल ओढून लांब केली आणि बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला.

आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आकाशातलं एक लाल विमान आडवं झालं. इंजिनाचा सूर किंकाळीसारखा चढला... आणि विमान नाकावर लव्हाळ्यात गेलं. काडकन आवाज आला आणि मग सगळं गप्प झालं.

"कोणी चालू केला? कोणाचा त्र्याहत्तर?"

इवाकिरी-सान धावत आले. मैदानाचे म्होरके, आगगाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जिभेने महा खाष्ट. त्या मैदानावर एक नियम देवाच्या वरचा होता. प्रत्येक रेडिओला आपला नंबर असतो. एकाच नंबराचे दोन रेडिओ एकदम चालू झाले, की हवेतल्या विमानाला कळत नाही कोणाचं ऐकावं, आणि ते पडतं. म्हणून बटणाला हात लावण्याआधी मैदानावरच्या फळ्यावर आपल्या नंबराची पट्टी टांगायची, मोठ्याने ओरडायचं, "अमुक नंबर, चालू!" आणि समोरून "हां, चालू!" आल्याशिवाय बोटसुद्धा हलवायचं नाही.

फुमिनोच्या एरियलला बाबांनी बांधलेली फीत फडफडत होती. तिच्यावर आकडा होता त्र्याहत्तर. पडलेल्या लाल विमानाचाही तोच.

"तोदाची मुलगी ना तू?" इवाकिरी-सान म्हणाले. "बापाने जन्मभर नियम पाळला आणि तू पहिल्याच दिवशी त्याच्या नावाला काळं फासलंस!"

फुमिनो कमरेत वाकली, पुन्हा पुन्हा वाकली. शरमेने तिचे कान पेटले होते. लव्हाळ्यातून एक उंच, सडपातळ तरुण लाल तुकडे छातीशी धरून येत होता. त्याचा उजवा हात जाकिटाच्या खिशात होता. मैदानावर सगळ्यांत लहान म्हणून सगळे त्याला 'सान' न लावता नुसतं शुनपेई म्हणत.

"असू दे," तो म्हणाला. तिच्याकडे त्याने बघितलं आणि नजर लगेच वळवली. "असू दे, इवाकिरी-सान."

असू दे म्हणाला, पण 'तिची चूक नाही' असं काही म्हणाला नाही. जाताना फुमिनोने पाहिलं, फळ्यावरची बाबांच्या नावाची जुनी लाकडी पट्टी इवाकिरी-सान उतरवून घेत होते.

"मी दुरुस्त करून देईन!" ती वाऱ्यावर ओरडली.

शुनपेई थांबला. "विमान म्हणजे काय सायकलचं पंक्चर आहे?"

"मी कवळ्या बनवते," ती म्हणाली. "माणसांचे दात बसवते. तुमचे पंखही बसवीन."

तो हसला... आणि पोरगी तिथेच फसली. आता यात तिचा काय दोष?

मग रविवारमागून रविवार बाबांच्या पडवीतल्या खोलीत ती दोघं बसायची. मधे तेलाचा स्टोव्ह, त्यावर भाजत ठेवलेली रताळी, टेबलावर कापसासारख्या हलक्या बाल्साच्या फळ्या. ती पातीने लाकूड कापायची, तो नुसता सांगायचा. इस्त्रीने पंखावर लाल पापुद्रा ताणून बसवायची वेळ आली तेव्हाही तो म्हणाला, "तुम्हीच करा."

"सगळं मीच करू? तुम्ही काय जावई म्हणून आलात?"

"अजून कुठे? अजून तर रताळ्यावरच भागवतोय."

ती लाजली आणि इस्त्री जरा जास्तच टेकली. पापुद्र्याला भोक पडलं. तो इतका हसला, की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. त्याच्या हातून नेहमीच काही ना काही पडायचं. कधी स्क्रू, कधी चहाचा पेला, एकदा तर अख्खं रताळं. वेंधळाच आहे मेला, असं तिला वाटायचं. आणि त्या वेंधळेपणावरही तिचा जीव जडला होता. प्रेमात पडलेल्या माणसाला डोळे असतात, पण ते बघायच्या कामाला येत नाहीत.

पुढे तो तिला उडवायलाही शिकवू लागला. त्याचं एक जुनं शिकाऊ विमान होतं. त्याचा रेडिओ आणि बाबांचा रेडिओ एका वायरने जोडायचे. लहरी सगळ्या त्याच्या रेडिओतून जायच्या, तिच्या बोटांचा हुकूम फक्त वायरीतून त्याच्यापर्यंत पोचायचा. इंजिनातून जळक्या एरंडेलाचा वास सुटायचा. घरी आई म्हणायची, "बापासारखीच वास मारत येतेस."

सगळ्यात अवघड असायचं ते विमान आपल्याकडे यायला लागलं की. तेव्हा डावं उजवं होतं आणि उजवं डावं. फुमिनो दर वेळी गोंधळायची.

"डावं-उजवं विसरा," शुनपेई तिच्या मागे उभा राहून म्हणायचा. त्याचा श्वास तिच्या कानाशी यायचा. "जो पंख खाली गेलाय, त्या बाजूला रेडिओवरची काडी न्या. पडणाऱ्याला खालून टेकू द्यायचा. बस्स."

"इतकं सोपं?"

"सांगायला," तो म्हणाला.

मार्चमध्ये लाल विमान तयार झालं. पुढच्या रविवारी ते उडवायचं ठरलं. आदल्या दुपारी फुमिनोच्या मनात आलं, त्या दिवशी बाबांचं पिवळं विमानही एकदा उडवावं, रीतसर, ओरडून, विचारून. म्हणून तिने रेडिओची पाठ पहिल्यांदाच उघडली. आत एक चौकोनी खाच होती, आणि ती रिकामी होती.

एव्हाना तिला समजत होतं. त्या खाचेत बोटाच्या पेराएवढा स्फटिक बसतो. रेडिओचा नंबर असतो तो त्याच्यातच. तो नसेल तर दिवा लागतो, बाकी रेडिओ मुका. वायरीवरून शिकायला स्फटिक लागत नाही, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आई म्हणाली, "अगं, तो होय? ते दर वेळी काढूनच ठेवायचे. चुकून कुणी बटण दाबलं तर दुसऱ्याचं विमान पडू नये म्हणून." आणि तिने देव्हाऱ्यातली, बाबांच्या फोटोपुढची खोकल्याच्या गोळ्यांची डबी आणून दिली. स्फटिक कापसात गुंडाळून आत होता. ते गेल्यापासून डबी कुणी उघडलीच नव्हती.

म्हणजे त्या दिवशी फुमिनोच्या रेडिओतून काहीच गेलं नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. मग फांदी कशाने मोडली? तिला पडलेले स्क्रू आठवले. पेला आठवला, रताळं आठवलं. जाकिटाच्या खिशातला उजवा हात आठवला.

ती तडक त्याच्या घरी गेली. तो अंगणात लाल विमान पुसत होता, डाव्या हाताने.

"माझ्या रेडिओत स्फटिकच नव्हता. उजवा हात दाखवा."

त्याने वाद घातला नाही. हात पुढे केला. अंगठ्याखालचा मांसल भाग बसला होता, खड्डा पडल्यासारखा.

"अंगठा ऐकत नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी काडीवरून घसरला. मला तेव्हाच कळलं होतं."

"आणि डॉक्टर?"

"म्हणतात... आधी हात. मग पाय. मग बोलणं."

ती रडेल असं त्याला वाटलं असावं. पण तिला संताप आला होता. "अख्खा हिवाळा! अख्खा हिवाळा मी मान खाली घालून त्या मैदानावर आले. माझ्या बाबांची पट्टी उतरवली त्यांनी! आणि तुम्ही माझी रताळी खात गप्प बसलात?"

"सगळे तुमच्याकडे बघत होते ना," तो खाली बघत म्हणाला. "म्हणून माझ्या हाताकडे कुणी बघितलं नाही. आधी भ्यालो म्हणून गप्प बसलो. नंतर... तुम्ही यायच्या थांबाल म्हणून."

"भेकड!" ती म्हणाली आणि निघून गेली. बांधावर पोचल्यावर मात्र ती इतकी रडली, की शेतातली बाई मुळे उपटायची थांबली.

रविवारी ती मैदानावर गेली ती भांडायलाच. पोचते तो लाल विमान आकाशात चढलेलं. शुनपेई एकटाच उभा होता, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला रेडिओ. विमान फिरून मैदानाकडे यायला लागलं आणि त्याचा डावा पंख खाली जाऊ लागला. खाली, अजून खाली. बाकीचे हसत होते. त्यांना वाटलं, पोरगा करामत दाखवतोय. फुमिनोला मात्र कळलं. ती धावत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मागा," ती म्हणाली. "मागितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

पंख खालीच जात होता.

"फुमिनो... घे."

तिने आपला अंगठा त्याच्या गार अंगठ्यावर ठेवला आणि काडी खालच्या पंखाकडे नेली. टेकू. विमान सरळ झालं. तिने इंजिन हळू केलं, आणि एरंडेलाचा वास सोडत लाल विमान गवतावर उतरलं. तिने अंगठा उचलला नाही, त्यानेही हात काढून घेतला नाही.

"इवाकिरी-सान!" शुनपेई ओरडला. "नोव्हेंबरात विमान हिच्यामुळे पडलं नव्हतं. माझ्या हातामुळे पडलं. हिचा रेडिओ मुका होता. माझा अंगठा घसरला हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

त्याने हात वर करून सगळ्यांना दाखवला. म्हातारा कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग आपल्या हत्यारांच्या पेटीकडे गेला, तोदांची लाकडी पट्टी काढली, बाहीला पुसली आणि फळ्यावर टांगली. आणि तो खाष्ट माणूस फुमिनोपुढे कमरेत वाकला.

"मला कीव नकोय," शुनपेई तिला हळूच म्हणाला.

"कीव? अजून राग आहे माझा."

"किती दिवस राहील?"

"पुष्कळ. तुला थांबावं लागेल."

"माझ्याकडे पुष्कळ नाहीत गं."

"असतील तेवढ्यात भागवू," ती म्हणाली. एवढा वेळ थोपवलेलं पाणी आता तिच्या डोळ्यांतून वाहत होतं.

त्यांनी पिवळ्या विमानाच्या शेजारी लाल विमान टांगून संसार थाटला. हात गेले, मग पाय गेले. तो चाकांच्या खुर्चीत बसून यायचा, फुमिनो उडवायची. दोघांचा नंबर एकच. एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने हाळी द्यायची, अशी वाटणी त्यानेच केली होती. पुढच्या नोव्हेंबरात त्याची जीभही जड झाली.

मैदानावर आता कुणीही घाई करत नाही. फुमिनो एरियल ओढते आणि त्याच्याकडे बघत उभी राहते. वारा असतो, लव्हाळी सळसळत असतात, इवाकिरी-सान टोपी हातात धरून थांबलेले असतात.

"त्र्या..." शुनपेई म्हणतो. श्वास घेतो. "...हत्तर..."

त्या शेवटच्या शब्दाला फार वेळ लागतो. मागच्या रविवारी तर तो शब्द आलाच नाही, नुसते ओठ हलले. फुमिनोने तरी बटणाला हात लावला नाही. ती त्याच्यापाशी गेली, गवतात गुडघे टेकले आणि कान त्याच्या ओठांशी नेला.

"हां," मग ती मोठ्याने म्हणाली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. "चालू!"