बाहेरच्या भिंतीचा मिस्त्री

सरकून बसा, आणि तो मोबाइल ठेव रे खाली. ही गोष्ट माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली. साडू वायरमन. थापा मारणं त्याला जमत नाही. जमलं असतं तर एव्हाना ठेकेदार झाला असता.

तेव्हा तो एका सात मजली इमारतीत वायरिंग करत होता. तिथे एक गवंडी होता, सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर त्याच्यासारखं कुणाला येत नसे. पण ठेकेदाराच्या हजेरीत तो बिगारी. बिगाऱ्याची मजुरी पुष्कळ कमी, म्हणून हातात थापी असलेल्या माणसालाही पाट्या उचलणारा म्हणून लिहायचं. मिस्त्री विनवायचा, "साहेब, मला गवंडी लिहा." ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं, "ही भिंत होऊ दे, मग बघू."

भिंत व्हायच्या आधीच, तो उभा होता त्या परांचीचा बांबू सटकला आणि मिस्त्री पाचव्या मजल्यावरून खाली आला. कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. जागच्या जागी गेला बिचारा. त्याची बायको तिथेच विटा वाहायची. तिच्या डोळ्यांदेखत गेला.

ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी परांची उतरवली आणि हात झटकले. "तो बिगारी. त्याला वर चढायला कुणी सांगितलं होतं? स्वतःच्या मस्तीनं चढला." कामगार कार्यालयात सुनावणी लागली. बाईच्या बाजूनं बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि साडूनं तर रोज मिस्त्रीच्या शेजारी काम केलेलं. पण ठेकेदारानं त्याला बाजूला घेतलं, "तू काही पाहिलं नाहीस. पुढच्या इमारतीचं काम तुलाच." साडूच्या दोन पोरी शिकणाऱ्या. तो गप्प बसला.

सुनावणीच्या आदल्या रात्री, म्हणजे डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी, दहाच्या सुमाराला त्याला आठवलं की ड्रिल मशीन पाचव्या मजल्यावरच राहिलंय. टॉर्च घेऊन गेला. मशीन उचललं. निघणार, तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"वायरमन, दोरी धर जरा."

आता बांधकामावरची सवय बघा. भिंत सरळ आहे का ते पाहायला मिस्त्री ओळंबा सोडतो, आणि दोरीचं वरचं टोक धरायला जवळ असेल त्याला हाक मारतो. तो माणूस हातातलं टाकून दोरी धरतो. कोण, कशाला, विचारत नाही. साडूनंही खिडकीतून हात बाहेर काढला. दोरी हातात आली. खाली वजन लोंबत होतं.

"जरा डावीकडे... हां. हलू नकोस."

थापीचा आवाज. खसर... खसर...

मग साडूला आठवलं. बाहेर परांची नाही.

उभं राहायला काहीच नाही.

हात मागे घ्यावा... घेता येईना. टॉर्च पडली. विझली.

"वायरमन..."

साडूनं मोकळ्या हातानं खिडकीची चौकट घट्ट धरली.

"हे बिगाऱ्याचं काम आहे का रे?"

दोरी तशीच धरून साडू बोलला.

"नाही मिस्त्री... गवंड्याचं."

"मग उद्या तसं सांग."

दोरी सैल झाली. खाली नुसता अंधार.

सकाळी सुनावणीत साडूनं सगळं सांगितलं. भुताचं नाही सांगितलं, तेवढी अक्कल आहे त्याला; रोज डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगितलं. कामगार कार्यालयातल्या साहेबांनी लिहून घेतलं, गवंडी. बाईला पुढे त्या हिशोबानं भरपाई मिळाली. साडूचं काम गेलं ते गेलंच. बाई रडली नाही. "जिवंतपणी एकदा लिहिलं असतं तर..." एवढंच म्हणाली.

सुनावणीच्याच दिवशी संध्याकाळी साडू तिला पाचव्या मजल्यावर घेऊन गेला. मिस्त्री पडला तेव्हा प्लास्टरचा अर्धवट राहिलेला तुकडा पुरा झाला होता. तिनं खिडकीतून हात काढून प्लास्टरला लावला, आणि तशीच उभी राहिली. प्लास्टर ओलं होतं.

नव्या प्लास्टरला गवंडी आठवडाभर पाणी मारतो, नाही तर ते तडकतं. पण या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. इमारतीत बिऱ्हाडं आली, पोरं मोठी झाली. भर उन्हाळ्यात सगळी भिंत तापते आणि तेवढा तुकडा ओलाच. प्लंबर येऊन गेले. त्या भिंतीत नळ नाही, पाइप नाही. साडू अधूनमधून जातो, खाली उभा राहून हळूच म्हणतो, "मिस्त्री, लिहिलं रे त्यांनी. आता घरी जा."

परवाच जाऊन आला. अजून ओलं आहे.