एकदाच आलेला कुकारा

वीज आत्ताच गेली आहे, लवकर यायची नाही. कंदील मधे ठेवते आणि सांगते. शेजारच्या मालिनीबाईंना हे एकदा निम्मं सांगितलं होतं. त्या "दूध उतू जाईल" म्हणून उठल्या, त्या पुन्हा या विषयाकडे आल्या नाहीत. तुम्ही शेवटपर्यंत बसा.

२००३च्या जुलैत मी शाळेतून रजा काढून ओमानला गेले, सलाला नावाच्या गावी. काम साधंच होतं. नाचणीचं पीठ, कुळीथ, आमसुलं आणि सुकवलेला फणस लेकीला पोचवायचा, आणि जमलं तर थोडे दिवस राहायचं. आफरीन तिथल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करायची. जावई उमेर बंदरात क्रेन चालवायचा. तो दाभोळचा. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर. तिचे बा, म्हणजे रमजान, आदल्या वर्षी साखरेने गेले होते. आधी बोटं, मग पाय, मग सगळंच.

बाकीचं आखात उन्हाने भाजत असतं तेव्हा सलालात धुकं उतरतं. रात्रंदिवस बारीक भुरभुर. डोंगर हिरवेगार. या दिवसांना तिथे खरीफ म्हणतात, जो शब्द आपल्याकडे सातबाऱ्यावर असतो. दुबई-कुवेतची श्रीमंत माणसं मोठाल्या गाड्या घेऊन त्या भुरभुरीत भिजायला येतात. रत्नागिरीच्या माणसाने याला हसावं. पण मी खिडकीतून ते डोंगर पाहिले आणि हसू आलं नाही. श्रावणात आपला कातळाचा सडा जसा दिसतो, तसेच ते दिसत होते.

बा गेल्यापासून आफरीनने घरातली कढई माळ्यावर टाकली होती. खजूर आणि तिळाचे लाडू, भट्टीत भाजलेल्या नाचणीच्या पुऱ्या, भाजके चणे. तळण नाही, साखर नाही.

"मा, चहात किती घातलीस?"

"एकच चमचा."

"तो चमचा नाही, पळा आहे तो. दाखव बघू डबा."

उमेर मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तो पेपर खाली करून म्हणाला, "खाला, लग्नात मला हिने बिर्याणी दाखवली होती. आता घोड्यासारखे चणे चारते."

"घोड्याला साखर होत नाही," आफरीन म्हणाली, आणि माझ्या कपातला अर्धा चहा मोरीत ओतून वर कोरा घातला.

रोज असंच चालायचं. मला ते फार बरं वाटे. घरी वर्षभर माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही डोंगरावर चालायला जायचो. गाडी पायथ्याशी ठेवायची, गुरांच्या वाटेने वर चढायचं, कुठेतरी कातळावर बसून डबा उघडायचा आणि उजेड आहे तोवर उतरायचं. तो स्टीलचा डबा माझ्या घरातलाच. बाजूला कोचा पडलेला, झाकणावर रमजानांचं नाव कोरलेलं. बांची आठवण म्हणून आफरीनने तो लग्नात मागून नेला होता.

त्या शुक्रवारीही तसंच झालं. लाडू खाल्ले, थर्मासमधला चहा प्यायलो आणि उतरायला लागलो. थोडं खाली आल्यावर आफरीन थांबली.

"डबा वरच राहिला."

"राहू दे," उमेर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तिथेच असेल. उंट लाडू खात नाहीत."

"बांचा आहे तो. तुम्ही थांबा इथे, मी आलेच."

ती वळली. तिची पिवळी ओढणी थोडा वेळ दिसत राहिली. मग समुद्राकडून धुकं वर आलं आणि वाटेवर बसलं. उमेर माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, तोही धूसर झाला. गवतावरून पाणी टिपकत होतं. इतक्यात मला लोबानचा वास आला. आपण जुमेरातीला, दर गुरुवारी, घरात धुपाटण्यात घालतो तोच. तिथे लोबानची झाडं आहेत हे मी ऐकलं होतं, पण ती डोंगरापलीकडच्या कोरड्या अंगाला. इथे घर नव्हतं, निखारा नव्हता. वास मात्र अगदी जवळून येत होता...

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बागांतून, सड्यावर, लांबच्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. तोंडाशी दोन्ही हात धरून कुकारा देतात. लांब, उंच, कूऽऽ. एकामागोमाग एक, दोनदा. समोरच्यानेही तसाच दोनदा द्यायचा. एकदाच आला तर गप्प राहायचं, ओ द्यायची नाही. माणसाचा कुकारा जोडीने येतो. रमजान आंब्याच्या बागा करायचे. आफरीन नीट चालायला लागली तेव्हाच त्यांनी तिला हे शिकवलं होतं.

मी कुकारा दिला, दोनदा. वरून काही आलं नाही. पुन्हा दिला.

मग आला. वरून नाही, डाव्या अंगाने, खालून. आवाज आफरीनचा. लांब गेला आणि मधेच तुटला.

आणि त्यानंतर काहीच नाही.

उमेरने श्वास भरून घेतला तसं मी त्याचं मनगट धरलं. "ओ देऊ नको."

"खाला... ती आहे."

"दुसरा येऊ दे."

आम्ही थांबलो. लोबानचा वास आता तोंडात उतरत होता. उमेरच्या मनगटातली शीर माझ्या बोटांखाली उडत होती.

"आमच्यात दर्यावर एक हाक आली तरी ओ देतात," तो हळूच म्हणाला. "बुडणारा दुसऱ्यांदा हाक मारत नाही."

त्याने हात सोडवून घेतला आणि धुक्यात तोंड करून म्हणाला, "ओ... आफरीन... इकडे ये..."

ती आली. हाक आली होती त्या बाजूने नाही. आमच्या पाठीमागून आली. हातात डबा होता, ओढणीतून पाणी निथळत होतं.

"चला," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर मी चहा ठेवला. तिच्या देखत कपात दोन चमचे साखर घातली. ती पाहत होती. मी तिसरा घातला.

"आफरीन, तीन झाले."

"हो, मा."

"तुला काही म्हणायचं नाही?"

"तुला गोड हवा असेल ना," ती म्हणाली. प्रेमाने म्हणाली. मी कप तसाच खाली ठेवला.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवे लाडू वळले, आधीपेक्षा सुबक, पण स्वतः एक तोडला नाही. चेहरा तोच, चाल तीच, दाताखाली ओठ धरायची सवयही तीच. केस मात्र वाळत नव्हते. त्या हवेत कुणाचेच कपडे वाळत नव्हते, म्हणून मी ते बोलले नाही.

ती दवाखान्यात गेल्यावर मी टॅक्सी केली आणि त्या डोंगरावर गेले. निघण्याआधी दवाखान्यात फोन केला होता. फोनवर आफरीनच आली. "काय गं मा, काही हवंय?" मी म्हटलं, "नाही, सहज."

टॅक्सीवाला खाली गाडीत बसून राहिला. मला आमचा कातळ सापडला. तिथून हाक आलेल्या अंगाला मी सावकाश निघाले. काठीने पुढची जमीन चाचपत गेले आणि एके ठिकाणी काठी खाली गेली ती टेकलीच नाही. गवताने झाकलेली खोल कपार होती. आत धुकं भरलेलं, तळ दिसत नव्हता. काठावरच्या काटेरी झुडपात डबा अडकला होता. कोचा पडलेला. झाकणावर रमजान.

मी पालथी पडून त्या कपारीत तोंड घातलं आणि दोनदा कुकारा दिला. पुन्हा दिला. आवाज बसेपर्यंत देत राहिले...

पोलिसांकडे जावं असं मनात आलं. पण जाऊन काय सांगणार? कोण हरवलं? जिच्यासाठी जायचं ती तर दवाखान्यात कामावर होती.

डबा पदराखाली धरून घरी आले. फळीवर डबा होता. तोच कोचा, तेच नाव, 'र'च्या शेपटाला कासाराचा हात घसरला होता तो ओरखडासुद्धा तसाच. मी दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले आणि खुर्चीत बसून राहिले. आफरीन आली. तिने दोन्ही डबे पाहिले. फडक्याने पुसले, नावं पुढे येतील असे मांडले.

"एक तू घेऊन जा, मा," ती म्हणाली.

उमेरला मी गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. त्याने मधे तोंड घातलं नाही. मग कठड्याला धरून उभा राहिला. खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला.

"खाला, बा गेल्यापासून तुम्ही धड झोपला नाहीत."

"मी सांगतेय ते खोटं आहे?"

"तसं नाही म्हणत." त्याने डोंगराकडे पाहायचं टाळलं. "पण तुम्ही म्हणता तसं असलं तरी... ओ मीच दिली ना? मग सांभाळायला नको?"

 

चार दिवसांत मी तिकीट बदलून घेतलं. विमानतळावर ती दोन्ही हात पुढे करून उभी राहिली, लहानपणी शाळेच्या फाटकाशी राहायची तशी. मी गळाभेट घेतली नाही. लांबून सलाम केला आणि आत गेले. काचेतून वळून पाहिलं तर हात अजून पुढेच होते.

रत्नागिरीत जो तो विचारी, "लेक बरी आहे ना?" मी म्हणे, "बरी आहे." शाळेत जात होते, वह्या तपासत होते. माणूस गेलं तर चार लोक येतात, ओट्यावर बसतात, भाकरी आणून देतात. माझ्याकडे कोण येणार? मय्यत नाही, कबर नाही. दर आठवड्याला फोन येत होता, "मा, औषधं घेतेस ना?" एवढंच विचारणारा. मला धड रडताही येत नव्हतं.

पावसाळा सरत आला. परसात हळदीची पानं हातभर वाढली होती. रमजानांच्या नावाने मी दर जुमेरातीला फातिहा देते, म्हणजे गेलेल्यासाठी दुआ वाचते, एक ताट वाढते, लोबान जाळते. त्या जुमेरातीला दुपारी मी पातोळे केले. ते मालिनीबाईंच्या घरचे, त्यांनीच मला शिकवलेले. तांदळाचं पीठ, काकडी, गूळ, हळदीच्या पानात दुमडून वाफवलेलं. आफरीन लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून पान चाटून पुसून खायची. मी दोन ताटं वाढली. जिवंत माणसाच्या नावाने फातिहा देऊ नये हे मला कळत होतं. दार लावून घेतलं. हळू आवाजात वाचलं. रमजानांचं नाव घेतलं, आणि त्याच्यामागून, पहिल्यांदा, तिचं.

आकाश कोसळलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं आणि मी भिंतीला टेकून पुष्कळ रडले. आता माझी लेक गेली, असं मी स्वतःला सांगितलं. दोन्ही ताटांवर झाकणं घातली.

ऊन अजून अंगणात होतं तेव्हा फोन वाजला. उमेर होता. तो जुमेरातीला कधी फोन करत नसे.

"खाला... आफरीन आज जेवली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही गेल्यापासून तिने माझ्यासमोर एक घास घेतला नव्हता. आत्ता ड्युटीवरून आलो तर ओट्याशी उभी होती. म्हणाली, पोट भरलं. मा-नं वाढलं." त्याचा आवाज खाली आला. "घरात काही शिजलेलं नाही. शेगडी गार आहे. पण तिच्या हातांना हळदीच्या पानांचा वास येतोय, खाला... इथे हळदीची पानं कुठे मिळतात?"

फातिहा पोचली होती. म्हणजे ती गेलेलीच होती. आणि विमानतळावर हात पुढे करून उभी होती, ती माझीच होती.

"खाला, ऐकताय ना?"

फोनमधे, त्याच्या मागे, कुणीतरी चालत आलं आणि थांबलं. श्वास ऐकू येत नव्हता. नुसतं पाणी टिपकत होतं, गवतावरून टिपकावं तसं.

मी फोन कानाशी तसाच धरून खोलीकडे पाहिलं. एका ताटाचं झाकण मघाशी मी ठेवलं होतं तिथेच होतं. दुसऱ्याचं झाकण ताटाच्या बाजूला उताणं ठेवलेलं होतं, आणि त्यात आतून पाण्याचे थेंब धरले होते.

दाराची कडी आतून लावलेली होती.