दुभाष्याने थांबवलेली बस

पुनर्चालन दालनात साक्षीदाराचा पिंजरा नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती. अपघातात नेमकं काय झालं हे आता कुणी कुणाला विचारत नसे. झालेला अपघात पुन्हा चालवून बघत. बसमधल्या नोंदपेटीतून वेग, वळणं, प्रवाशांचं वजन, रस्त्याचा उतार असा सगळा तपशील काढायचा, तो संगणकातल्या हुबेहूब बसला द्यायचा आणि भिंतीएवढ्या पडद्यावर ती बस त्याच घाटातून पुन्हा खाली सोडायची. माणसं विसरतात, घाबरतात, आपल्या माणसासाठी खोटं बोलतात. हुबेहूब बस यातलं काही करत नाही, असं अपघात निवाडा मंडळाच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं.

तेजल शेवाळे पहिल्या रांगेत बसली होती. कराडजवळच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची. आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, आणि राग त्याहून लांब. समोर एकट्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ सूरज बसला होता. सावरखिंडीच्या घाटात, जवळजवळ पायथ्याशी, त्याची बस कठडा तोडून खाली गेली होती. बसमधले पाचही प्रवासी गेले. सूरजचं फक्त मनगट मोडलं, आणि तेच लोकांना खुपत होतं.

बस जुनी होती, डिझेलवरची. ब्रेकचं पेडल दाबलं की नाही याची नोंद तिच्या पेटीत होत नव्हती. सूरज पहिल्या दिवसापासून एकच सांगत आला होता. "पाय पार खाली टेकला होता. बस ऐकतच नव्हती."

पडद्यावर बस सोडली गेली. तोच उतार, तेवढीच माणसं, तोच वेग. पडद्यावरच्या घाटात लख्ख ऊन होतं. शेवटच्या वळणाआधी पडद्यावरच्या चालकानं ब्रेक दाबला आणि बस कठड्याच्या अलीकडे निमूट उभी राहिली. दार उघडलं. चेहरे नसलेली करडी माणसं एकेक करून खाली उतरली.

मंडळाच्या तांत्रिक प्रमुख बोरगावेबाई शांतपणे म्हणाल्या, "ब्रेक दाबला असता तर बस थांबली असती. ती थांबली नाही. म्हणजे ब्रेक दाबला गेला नाही."

सूरजनं पहिल्या सुनावणीला मान हलवून नकार दिला. दुसऱ्या वेळी तो नुसता पडद्याकडे बघत राहिला. प्रत्येक सुनावणीत बस थांबायची, माणसं उतरायची. शेवटच्या सुनावणीला तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "मला डुलकी लागली असणार. मी दाबला नसणार ब्रेक."

शिक्षा जाहीर व्हायला अवधी होता. तोवर जामिनावर तो तेजलच्या घरी राहायला आला. जेवताना एकदा तो बोलला, "ताई, डुलकीच लागली होती मला. डोळ्यावर ऊन येत होतं, ते आठवतंय."

तेजलचा घास हातातच राहिला. अपघात झाला तेव्हा आभाळ भरलेलं होतं.

भावाला दोषी ठरवलं याचा तिला राग होताच. पण त्या लोकांनी त्याच्या डोक्यात हात घालून खरी आठवण उपसून काढली आणि तिथं स्वतःचं चित्र बसवलं, याचा राग वेगळा होता. ती ताटावरून उठली. ज्या माणसानं ते चित्र काढायचं यंत्र बनवलं त्याला शोधून काढायचं, एवढंच तेव्हा तिला सुचलं.

तो माणूस सांगलीत राहत होता. डॉ. अमोल हिंगमिरे. निवृत्त प्राध्यापक, एकटे, गुडघ्याला पट्टा बांधलेले. तरुणपणी हौसेखातर त्यांनी 'घाटवाट' नावाची गेम लिहिली होती. पडद्यावर बस चालवायची आणि सह्याद्रीतले घाट उतरायचे, एवढाच खेळ. पण त्यातली बस खऱ्या बससारखी वागायची. टायर झिजायचे, ब्रेक तापायचे, मागे माणसं जास्त बसली की वळणावर बस कलायची. आधी पोरांनी ती खेळली, मग ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी वापरली आणि शेवटी निवाडा मंडळानं पुनर्चालनासाठी उचलली.

तेजलनं दारातच सगळं सांगितलं. हिंगमिरेंनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"बाई, मला वाईट वाटतं. पण गेम माझी आहे. ती खोटं बोलत नाही."

"मग माझा भाऊ खोटं बोलतो?"

"तो तर आता कबूलच झालाय, तुम्हीच म्हणालात."

"तुमच्या गेमनं कबूल करायला लावलंय त्याला. माझ्यासमोर लावा ती. मला बघायचंय काय बोलते ती."

मंडळाचा एक नियम चांगला होता; नोंदपेटीतल्या तपशिलाची प्रत नातेवाइकांना मिळायची. ती तेजलच्या पर्समध्ये होती. बाई बघितल्याशिवाय जाणार नाहीत हे ओळखून हिंगमिरेंनी आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकावरची चादर काढली. त्यावर विंडोज होतं. सरकारी कचेऱ्यांतून ते केव्हाच गेलं होतं. सगळीकडे आता त्याच्या जागी देशातच बनलेला 'मेरू' आला होता, अगदी मोबाइलमध्येसुद्धा.

बस घाटातून सुटली. तेजल खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. शेवटच्या वळणाआधी ब्रेक दाबला गेला. बस थांबली नाही. वेग कमी झाल्यासारखा वाटला आणि मग कठडा तुटला.

हिंगमिरेंनी आकडे तपासले आणि बस पुन्हा सोडली. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी टेबलावरचा टॅबलेट घेतला. त्यावर मेरू होता. त्याच गेममध्ये तोच तपशील घातला. टॅबलेटवर बस थांबली.

"एकच बस, एकच घाट," तेजल म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि ती फार चिडली की तसंच व्हायचं. "इथं पडते आणि तिथं थांबते. मला समजेल असं सांगा."

हिंगमिरेंना बराच वेळ लागला. त्यांनी आधी स्वतःला समजावलं आणि मग तिला.

ही गेम त्यांनी फक्त विंडोजसाठी लिहिली होती. मेरूला तिची भाषा कळत नाही. म्हणून मधे एक प्रोग्राम बसवलेला असतो, त्याला सगळे दुभाष्या म्हणतात. गेम विंडोजच्या बोलीत सांगते, हे आकडे मिळव, हे चित्र दाखव. दुभाष्या ते मेरूच्या बोलीत सांगतो आणि उत्तर परत गेमला आणून देतो. आपण परक्या घरात आहोत हे गेमला कधी कळतच नाही.

"भाषांतर चुकलं म्हणायचं?"

"चुकलं असतं तर गेम बंद पडली असती आणि बरं झालं असतं. भाषांतर थोडं घाईत झालंय. तुमच्याकडे साखर कारखान्यावर ट्रक मोजायचा काटा असतो, बघितलाय?"

"बघितलाय की."

"तो काटा बारीकसारीक वजन दाखवत नाही, दहा-दहा किलोनं पुढं सरकतो. आता भरलेल्या ट्रकमध्ये एक मूठ साखर टाका. आकडा हलणार नाही. मग असं धरा की काट्यावरचा आकडा हेच ट्रकचं खरं वजन, आणि ती मूठ विसरून जा. पुन्हा मूठ टाका. पुन्हा विसरा. दिवसभर टाकत राहिलात, पोतं रिकामं झालं, तरी काटा म्हणेल ट्रक आहे तेवढाच आहे."

तेजल ऐकत होती.

"माझ्या गेममध्ये ब्रेक दाबलेला असताना दर क्षणाला थोडी थोडी उष्णता वाढते. अगदी मूठभर. जुना संगणक दशांशानंतरचे पुष्कळ आकडे जपायचा, त्यामुळे मूठ मोजली जायची. दुभाष्याला वेगानं काम करायचं होतं, त्यानं शेवटचे आकडे छाटले. ब्रेक गार असतो तोवर काही फरक पडत नाही. पण एकदा तापला की पुढची प्रत्येक मूठ फुकट जाते. मेरूवरचा ब्रेक एका मर्यादेपलीकडे तापतच नाही. आणि खरा ब्रेक फार तापला की त्याची पकड जाते. मग पेडल कितीही दाबा."

"आणि हे इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही?"

"लहान उतारावर दोन्हीकडे एकच उत्तर येतं. तपासणारे तेवढ्यावरच तपासत असतील. सावरखिंडीसारखा लांब घाट लागला, वरपासून ब्रेक दाबत उतरावं लागलं, तरच फरक पडतो."

"लांब घाटातच माणसं मरतात, सर."

हिंगमिरेंनी त्यावर मान खाली घातली नाही. ते उठले, गुडघ्याचा पट्टा आवळला आणि म्हणाले, "चला. मंडळात जाऊ."

बोरगावेबाईंनी त्यांना बाहेर बसवून ठेवलं नाही. दोन्ही बस त्यांनी शेजारी शेजारी चालवून बघितल्या, आपल्या माणसांना बोलावून दाखवल्या. चूक त्यांना दिसली आणि त्यांनी ती नाकारली नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही उमटलं नाही.

"अडचण अशी आहे, की कायद्यात पुनर्चालनाची व्याख्या मेरूवर चालवलेली गेम अशी आहे. विंडोजवरचं उत्तर हा कायद्यानं पुरावाच होत नाही."

"आकाशातून पडलाय का तुमचा मेरू?" तेजल म्हणाली. "बस घाटात धावते. मेरूवर नाही धावत."

"मी फेरविचाराची शिफारस करते. तुमच्या भावाचीच नव्हे, लांब घाटातल्या सगळ्या निवाड्यांची." मग त्या हिंगमिरेंकडे वळल्या. "सर, तुम्हाला एक माहीत असायला हवं. नव्या गाड्यांचे ब्रेक मंजूर करायलासुद्धा हीच गेम वापरतात. मेरूवर. ब्रेकचा ड्रम हलका असला की लवकर तापतो. पण मेरूवर ड्रम हलके केले तरी गाडी थांबते असं दिसलं, म्हणून हलके ड्रम मंजूर झाले. सूरजची बस जुनी होती, पण त्यात बसवलेले ड्रम नवे होते."

हिंगमिरेंनी टेबलाची कड धरली. तेजलला समजायला थोडा वेळ लागला. जिथं ब्रेक तापतच नाहीत अशा एका जगात पास झालेले ब्रेक या जगातल्या गाड्यांना बसवले होते. मग त्या गाड्या पडल्या, तेव्हा त्याच जगाला विचारून ड्रायव्हरला दोषी धरलं होतं.

"आत्ता या घडीला," तिनं विचारलं, "असल्या किती गाड्या घाटात आहेत?"

बोरगावेबाईंनी टेबलावरचे कागद जुळवले.

"बंद करा त्या."

"ते माझ्या हातात नाही."

"दोषी धरणं होतं की तुमच्या हातात." तेजल उठली, तेव्हा खुर्ची मागे पडली. ती उचलायला ती थांबली नाही. त्याच संध्याकाळी तिनं कराडच्या आगारात जाऊन ड्रायव्हर लोकांना सगळं सांगितलं, काट्याच्या आणि साखरेच्या उदाहरणासकट. दुसऱ्या दिवशी सावरखिंडीत एकही गाडी गेली नाही, मग शेजारच्या घाटांतही नाही. वर्तमानपत्रवाले आले. हिंगमिरे गुडघा धरून जुना संगणक आणि टॅबलेट घेऊन बसले आणि बघायला येईल त्याला दोन्ही बस दाखवत राहिले. ड्रम बदलायचा हुकूम निघाला तो भांडून, आणि सूरजचा निवाडा रद्द झाला तोही भांडूनच.

सुटकेचा कागद घेऊन तेजल घरी आली. सूरज खिडकीशी बसला होता, मांडीवर टॅबलेट. तिनं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं पूर्ण वाचला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"तुझी चूक नव्हती," ती म्हणाली. "तू दाबला होतास ब्रेक. पहिल्या दिवशी तू तेच सांगितलंस. सरांच्या मशीनवर मी स्वतः बघितलंय."

"तिथं दुसरा कुणीतरी दाबत असेल, ताई. मी नव्हता दाबला. मला आठवतंय. ऊन होतं, डोळा लागला."

"ऊन नव्हतं, सूरज. आभाळ होतं."

"मला ऊन दिसतंय."

तिनं त्याला समजावलं, दुभाष्या, आकडे, काटा, सगळं. तो शांतपणे ऐकत राहिला, एखाद्या लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसा. मग म्हणाला, "तू म्हणतेस तसं असेल तर काहीच करता आलं नसतं. पाय दाबूनही ती गेलीच असती."

"हो. तेच सांगतेय मी."

"मग मला नको ते."

त्यानं टॅबलेट तिच्याकडे वळवला. 'घाटवाट' चालू होती. मेरूवर, दुभाष्यातून. सावरखिंडीचा माथा, जुनी डिझेल बस. गेम कुणालाही फुकट घेता यायची. त्यानं ती केव्हा घेतली आणि किती दिवस खेळतोय हे तिला माहीतच नव्हतं. तो बस हळूहळू खाली आणत होता, सराईतासारखा. शेवटच्या वळणाआधी त्यानं अंगठ्यानं ब्रेक दाबला. बस थांबली. दार उघडलं.

तेजलनं टॅबलेट हिसकावून घेतला. आपटावा, चुरा करावा, असं तिच्या हाताला वाटत होतं. मंडळाशी भांडून झालं होतं, कायद्याशी झालं होतं, ड्रमच्या कारखान्याशी झालं होतं. त्या सगळ्यांनी शेवटी मान खाली घातली होती. समोर आता फक्त सूरज होता, हात पुढं करून बसलेला.

"दे ना, ताई," तो म्हणाला. "मागची दोघं उतरायचीत अजून."

तिनं पडद्याकडे बघितलं. तीन करडी माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. चौथं पायरीवर होतं, एक पाय खाली टाकून. तिचा अंगठा बंद करायच्या खुणेवर होता. ती तशीच उभी राहिली, शेवटचं माणूस उतरेपर्यंत. मग तिनं टॅबलेट त्याच्या हातात दिला. त्यानं बस पुन्हा माथ्यावर नेऊन लावली.