तांब्याची तार

धुकं इतकं दाट होतं की आधी मला ओलिंदो दिसलाच नाही, त्याच्या काचेच्या कांड्या दिसल्या. कागदात गुंडाळलेला लांबलचक जुडगा गल्लीच्या वळणावरून पुढे आला, माझ्या मांडीवरच्या लाकडी परातीला लागला आणि सगळे मणी फरशीवर सांडले. मोहरीएवढे मणी... अर्धे तर कालव्याच्या दिशेनं घरंगळत निघाले.

"बसायला दुसरी जागा नाही मिळाली?" जुडग्यामागून आवाज आला.

"मी जन्मल्यापासून इथेच बसते. तू कुठून उगवलास?"

शेजारी आर्जिया मावशी लांब सुयांचा पंखा हातात धरून मणी ओवत होती. व्हेनिसमधल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका भिंतीला खुर्च्या लावून ओवायच्या. मान वर न करता ती म्हणाली, "पोरा, वेचून दे. एकही राहिला तर तुझ्या आईच्या दारात येऊन बसेन."

तो खरंच गुडघ्यांवर बसला. फरशीच्या फटीतून नखानं मणी काढून माझ्या तळहातावर ठेवू लागला.

"हा बघ, अगदी तुझ्या डोळ्यांसारखा निळा."

"माझे डोळे तपकिरी आहेत."

"धुकं आहे ना... नीट दिसत नाही."

"मग नको बघूस."

"नीट दिसत नाही म्हणून तर जवळून बघतोय."

मावशी खोकली. मी हसू दाबलं.

त्यानंतर मुरानो बेटावरून काच घेऊन येणारी त्याची होडी उगीचच आमच्या पुलाखाली थांबू लागली. कधी तो भाजलेला भोपळा आणायचा, कधी तुटक्या कांड्यांचे रंगीत तुकडे. भोपळा मावशीला, तुकडे मला. ते मी उजेडासमोर धरून बसायची. दुसऱ्यांनी केलेले मणी ओवून माझं मन भरत नव्हतं. मला ते करायचे होते. ज्योतीत काच मऊ होते, मधासारखी ओघळते, तारेभोवती फिरते आणि बघता बघता गोल होते... हे मी एकदा खिडकीतून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं.

ओलिंदोनंच मला पाल्मिराबाईंकडे नेलं. मुरानोला त्यांचं छोटं कारखानाघर होतं. त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली.

"शिकवीन. पण शिकून लग्न करून पळणाऱ्या मुलींना मी काच वितळवायचा स्वतंत्र दिवा देत नाही. काय गं, निवेस, पळणार आहेस?"

"नाही," मी म्हणाले. ओलिंदो दारात उभा होता. त्यानं टोपी काढली, परत घातली.

वर्षभरात माझे मणी पाल्मिराबाईंच्या मण्यांत मिसळले तरी ओळखू येईनात. मला वाटायचं, आता दिवा मिळणार. ओलिंदोचं मात्र उलटं चाललं होतं. काच आता मोटारबोटीनं जायला लागली होती, वल्ह्यांना काम उरलं नव्हतं. बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत माणसं घेत होते. तो त्याबद्दल चेष्टेत बोलायचा.

"तिथे जमिनीखाली उतरायचं म्हणे. इथे पाण्यात बुडतो, तिथे कोळशात."

"जाऊ नकोस मग."

"थांबवणारं कोणी असेल तर..." आणि तो वल्ह्याची मूठ पुसत बसायचा.

एका शनिवारी दुपारी पाल्मिराबाई जेवायला गेल्या असताना मी शिकत होते त्या दिव्यापाशी तो बसला. "मलाही एक करू दे."

मी त्याच्या हातात तांब्याची तार दिली, मागे उभी राहून मनगट धरलं. वल्हं मारणारा हात, तो कुठला हलका फिरणार? मणी झाला तो एका बाजूला फुगलेला, हिरवा, वाटाण्यासारखा. मी हसून हसून बेजार झाले. तो हसला नाही. त्यानं मणी कोमट राखेत निवायला ठेवला, आणि मी निघाले तेव्हा म्हणाला, "तो तुझ्या पेटीत ठेवून जातो. नीट बघ. सोमवारी सांग काय ते."

सोमवारी सकाळी मी पेटी उघडली. मणी होता. तारेची दोन्ही टोकं वळवून एकमेकांत अडकवलेली होती. तार खिळ्याला टांगता यावी म्हणून आम्ही टोकाला आकडा करतो. मला वाटलं, यानं आपला भलामोठा आकडा केला, अडाणीच आहे. आणि मला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की इतर मण्यांच्या आधी मी त्याचा मणी आम्लात सोडला. आम्ही असंच करतो. काचेला काही होत नाही, तांबं विरघळतं, मणी मोकळा होतो. बुडबुडे आले, पाणी निळंशार झालं. मी मणी धुतला, चोळून चमकवला आणि माझ्या चांगल्यातल्या रेशमी दोऱ्यात ओवला.

तो आला तेव्हा मी तो त्याच्यापुढे धरला.

त्यानं मण्याचं भोक बोटानं चाचपलं. "तार काढून टाकलीस?"

"मग? तार ठेवून काय उपयोग? मणी मोकळा झाल्याशिवाय पुरा होत नाही."

"विचार करून केलंस?"

"यात कसला विचार करायचा?" मी हसत होते.

त्यानं मणी खिशात घातला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. "तुला दिवा मिळायला हवा." त्याच आठवड्यात तो बेल्जियमला गेला. मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडीची वेळ होऊन गेली होती. मावशीनं मला जवळ घेतलं आणि विचारलं, "अगं, मग त्या अंगठीचं काय झालं? तो मला सांगून गेला होता, तांब्याची का होईना, स्वतः करून देणार म्हणून."

मी त्याच्या नावानं लिहिलं, पण खाणींची गावं बदलत राहिली. दिवा मला मिळाला. पुढे पाल्मिराबाईंची जागा मिळाली, नाव झालं, लांबलांबून मुली शिकायला येऊ लागल्या. ज्योतीसमोर बसले की मी सुखी असायची, हे खोटं नाही.

पुष्कळ वर्षांनी, एका ओल्या संध्याकाळी, दुकानात एक वाकलेला माणूस आला. धाप लागत होती. त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. जुडग्यात हिरवा मणी होता.

"अजून वाकडाच आहे," मी म्हणाले.

"मास्तरीण बरी नव्हती."

"ओलिंदो... मला तो आकडा वाटला होता."

त्यानं मणी बोटानं फिरवला. मग हसायला लागला, हसता हसता खोकला, डोळे पुसले. "आकडा," म्हणाला. "माझी बायको होती तेव्हा तिला मी सांगायचो, व्हेनिसच्या एका मुलीनं माझी अंगठी आम्लात विरघळवली. ती म्हणायची, बाणेदार होती." मग त्यानं विचारलं, "कळलं असतं तर... हो म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते. बेल्जियमला मात्र आले नसते."

"मग मीच गेलो नसतो, वेडे."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. त्याची लेक धक्क्यावर वाट पाहत होती. किल्ल्यांमधून मणी सोडवून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला, त्या पहिल्या दिवशी ठेवत होता तसा, आणि गेला.

मी नवी तांब्याची तार घेतली, मण्यातून ओवली. मणी तारेवर सैल फिरत राहिला. काच तारेला धरते ती गरम असताना. तरी मी तार वळवली, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवली आणि बोटात घालून पाहिली.

पेरापर्यंत आली. पुढे जाईना.