बिस्किटवरची मांड

टेरल बॉडिन मला पहिल्यांदा भेटला तो एका प्रेतयात्रेत, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाई, घोडा तुमच्या पायावर उभा आहे."

ते माझ्या लक्षात आलं होतं.

घोडा होता मेलेल्या म्हाताऱ्या लार्सनचा. शववाहिकेमागून धन्याचा घोडा रिकाम्या खोगिराने चालवायचा, रिकिबीत त्याचे बूट उलटे अडकवायचे, ही आमच्या मोंटानातली रीत. लगाम धरणारा माणूस दारू पिऊन कुठेतरी पडला होता, म्हणून बाबांनी लगाम माझ्या हातात दिला. गावात अंत्यविधीचं दुकान आमचं एकच. बाबा शवपेट्या विकतात, मी मयतांना अंघोळ घालते, दाढी करते, गालांना रंग लावते. गावातली शाळा बंद पडली, सिनेमा बंद पडला, बँकही गेली. आमचं मात्र बरं चाललंय.

"हा हलत नाही. काय करू?" मी दातांतल्या दातांत म्हणाले.

"त्याला माफी मागायला थोडा वेळ द्या." त्याने घोड्याला खांदा लावला, जिभेने टक् आवाज केला… आणि माझा पाय सुटला. "शिवाय तुम्ही चुकीच्या बाजूला उभ्या आहात. घोडा डावीकडून धरतात. इथल्याच ना तुम्ही?"

"जन्मापासून."

"आणि कधी घोड्यावर बसला नाहीत?"

"माझा संबंध आडव्या माणसांशी येतो."

त्याने टोपी नाकापर्यंत ओढली. प्रेतयात्रेत हसणं लपवायला टोपीसारखी सोय नाही. "रविवारी या," तो म्हणाला, "ऑडेगार्डबाईंच्या रँचवर. शहरातल्या पाहुण्यांना शिकवतो मी. तुम्हालाही बसवू. उभ्या जनावरावर."

मी गेले. चाळिशीला टेकलेल्या बाईला रविवारी दुसरीकडे कुठे जायचं असतं?

माझ्या वाट्याला आलेल्या घोड्याचं नाव बिस्किट. पेन्शनीत निघालेल्या कारकुनाचा चेहरा आणि तेवढाच उत्साह. टेरलने मला वर चढवलं आणि लगाम डाव्या हातात दिला.

"काउबॉय पद्धतीत लगाम एका हातात, तोही सैल. ओढायचं नाही. मानेला नुसता स्पर्श करायचा, की तो वळतो. उजवा हात मोकळा, दोरी फेकायला."

"माझ्याकडे दोरी नाहीये."

"मग मांडीवर ठेवा. काहीही करा, पण खोगिराची पुढची मूठ धरायची नाही. ती धरली की सगळा जिल्हा बघतो."

"आणि पडले तर?"

"तर जिल्हा दोनदा बघतो."

मग माझी बोटं नीट करायला त्याने आपला हात माझ्या हातावर ठेवला. अशा वेळी बाईच्या काळजाचा ठोका चुकतो म्हणतात. माझाही चुकला… पण मी हाताकडे बघत होते. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस गेलं होतं. तिथे खळगा पडला होता, आणि कातडीखाली काहीतरी सारखं बारीक फडफडत होतं, डबक्यावर पावसाचे थेंब पडावेत तसं. असे हात मी धुतले होते. स्नायू झिजवणारा हा आजार कसा वाढत जातो ते त्यांच्या घरच्यांकडून ऐकून मला पाठ होतं – आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास.

"काय बघताय?"

"काही नाही. तुमचे हात गरम आहेत."

"हो. तुम्हाला सवय नसेल."

मी हसले. इतकी हसले की बिस्किटनेसुद्धा मागे वळून पाहिलं. त्या रात्री घरी जाऊन रडले, पण ते कोणी पाहिलं नाही, त्यामुळे ते धरायला नको.

उन्हाळाभर मी जात राहिले. 'बाई'चं 'मार्ना' झालं, 'अहो'चं 'अगं' झालं, आणि मी त्याला मुद्दाम 'मास्तर' म्हणायला लागले. तो चिडायचा. त्याला चिडलेला बघायला मला आवडायचं. आजाराबद्दल तो बोलला नाही, मीही बोलले नाही. फक्त एवढंच, की तो माझ्यासमोर कधी जमिनीवरून घोड्यावर चढत नसे. रपेटीला निघायचं असलं, की मी पोचायच्या आत गुरं ट्रकमध्ये चढवायच्या लाकडी उतारावरून चढून बसलेला असायचा.

मला कारण ठाऊक होतं. ऑडेगार्डबाईंच्या रँचवर घोड्यावर चढता येईल त्यालाच खोली मिळते. हा नियम बाईंच्या सासऱ्यांनी केला आणि बाईंनी स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा त्यातून वगळलं नव्हतं. तो गुडघ्याचं निमित्त करून शेवटी गावात राहायला गेला. टेरलला त्या खोलीखेरीज जगात कुठेही दुसरी खाट नव्हती.

ऑक्टोबरात डोंगरावरची गुरं खाली आणतात, शेजारपाजारचे सगळे मदतीला येतात. "चल," टेरल म्हणाला. "तुझी परीक्षा." मग जरा थांबून, बिस्किटच्या मानेशी बोलावं तसं म्हणाला, "एवढी एक खेप पार पडली ना… मग काय होईल ते होवो."

वारा गार होता, हिमाचा भुगा उडत होता. ऑडेगार्डबाई धरून आम्ही सातआठ जण वर निघालो. वाटेत तारेचं फाटक लागलं. फाटक नोकरमाणसाने उघडायचं. बाकीचे पार झाले की ते लावायचं, आणि तो पुन्हा घोड्यावर चढेपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून थांबायचं. कारण बाकीचे घोडे पुढे निघाले की त्याचाही घोडा पळायला बघतो, आणि रिकिबीत एक पाय अडकलेला माणूस फरफटत जातो. आमच्याकडे सभ्य माणूस ओळखायची हीच एक परीक्षा आहे. जो थांबत नाही, त्याला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही.

टेरल उतरला. फाटक उघडलं. आम्ही पार झालो. त्याने खांदा लावून, दात खाऊन ते लावलं. मग डावा पाय उचलून रिकिबीत घालायला गेला…

पाय गेला नाही.

सगळे सभ्य होते. सगळे थांबले होते. सगळे बघत होते.

त्याने हाताने विजार धरून पाय उचलला. पाय रिकिबीला लागून घसरला. घोडा सरकला. "काय रे टेरल, रात्री जास्त झाली का?" कोणीतरी ओरडलं. दोघे हसले. ऑडेगार्डबाई हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा तो खोगिराला कपाळ टेकवून नुसता उभा राहिला. त्याची पाठ मला दिसत होती. माणसाची पाठ एवढं सांगू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं, माझ्याकडे येतात ती सगळी पाठीवर असतात.

मी पडले.

दणकून पडले. पडताना खोगिराची मूठ धरली, किंचाळले, आणि सोडता सोडता बिस्किटच्या पोटात टाच मारली. आयुष्यात पहिल्यांदाच बिस्किटला कसलीतरी घाई झाली. तो उधळला. "धरा! धरा रे!" सगळे घोडे वळवून, खिदळत त्याच्यामागे सुटले. एकट्या ऑडेगार्डबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सिगारेट पेटवली आणि समोरचा डोंगर जणू आजच बांधून झालाय, अशा नजरेने तो बघत राहिल्या.

मंडळी परतली तेव्हा टेरल शेजारच्या चरात घोडा उभा करून काठावरून चढला होता, आणि चौकातल्या पुतळ्यासारखा बसला होता. "अंत्यविधीवाल्या बाईंनी जमिनीची पाहणी केली म्हणे!" हा विनोद दिवसभर चालला. मला तो आवडला.

संध्याकाळी तबेल्यामागे त्याने मला गाठलं.

"पडलीस की उतरलीस?"

"पडले."

"पडणारा माणूस आधी जागा बघत नाही. तू गवत बघून पडलीस." तो भिंतीला टेकला. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुझा हात बघितला."

"मग का येत राहिलीस?"

"घोडा आवडला होता."

"बिस्किट? बिस्किट कोणालाच आवडत नाही."

"मग… घोड्याच्या शेजारी जे उभं असायचं, ते."

हिम त्याच्या टोपीवर साचत होतं. "मार्ना, डॉक्टर म्हणतात दोन हिवाळे. जास्तीत जास्त. मी तुझ्याच टेबलावर येणार आहे गं."

"माहीत आहे."

"तू… तू स्वतः करशील?"

"बाबांना बोट लावू देणार नाही."

त्याने टोपी काढली आणि माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं. आमच्याकडे यापेक्षा मोठी कबुली नसते.

जेवायला लांब टेबलावर सगळे होते. भाजलेलं गोमांस, उकडलेले बटाटे, आंबट रूबार्बची गोड पाई. ऑडेगार्डबाईंनी सुरी खाली ठेवली. मी टेबलाखाली टेरलचा हात धरला.

"टेरल," त्या म्हणाल्या, "आजचा तमाशा मी पाहिला."

"हो बाई."

"लाज आणली या बाईने. उन्हाळाभर शिकवून ही गत? उद्यापासून तू गुरांकडे जायचं नाहीस. हिला नीट बसता येईपर्यंत दुसरं काम नाही. तोवर खोली तुझी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हिच्याकडे बघून मला वाटतं, हिला आयुष्यात जमणार नाही. बटाटे सरकवा."

कोणी बटाटे सरकवले. टेरलचा चमचा हातातून पडला, मी माझा त्याला दिला. कोणीही काही पाहिलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी शिकायला जाते. तो कुंपणाशी खुर्चीत बसतो आणि ओरडतो. हल्ली हळू ओरडतो, मला जवळ जाऊन ऐकावं लागतं. मला आता घोडा दौडवता येतो, हे त्याला माहीत आहे आणि बिस्किटला. ऑडेगार्डबाई खिडकीशी आल्या की मी मूठ धरते, डळमळते, गवत बघून पडते. गेल्या रविवारी त्याने मला उठवायला हात पुढे केला, पण तो खुर्चीवरून वर उचललाच गेला नाही. मी आपली उठले, कपडे झटकले आणि त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "चुकलं, मास्तर. पुन्हा पहिल्यापासून सांगा."